पाठीवरचं चिलखत

आर्गॉनचं जंगल, ६ फेब्रुवारी १९१७

प्रिय लुडोल्फ,

माझी जीभ जांभळी झाली आहे, आणि या अन्यायाची दाद कुठे मागायची ते मला कोणीही सांगत नाही. फौजी कारकुनाला शाई मिळत नाही. मिळते ती एक पेन्सिल, आणि ही पेन्सिल ओली केल्याशिवाय कागदावर उमटायला तयार नसते. पाणी गोठलेलं असतं, उरते जीभ. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी रांगेत उभं करून सगळ्यांच्या जिभा तपासल्या, माझ्यापाशी थबकले आणि मला चार दिवस फक्त दूध-पावावर ठेवायचा हुकूम दिला. दूध इथे नाही. तेव्हा चार दिवस मी पावावर होतो. शत्रू पन्नास पावलांवर आहे, पण त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही; तो आपलं काम वक्तशीर करतो. ही पेन्सिल ज्याने काढली त्याला मात्र एकदा भेटायची इच्छा आहे.

नऊ वर्षांनी पत्र लिहायला बसलो आणि सुरुवात स्वतःच्या जिभेपासून केली, हे तुझ्या लक्षात येईलच. तुझी आडेला म्हणेल, त्याचं सगळं तिथूनच सुरू होतं.

लिहायचं कारण एवढंच, की तुझी सही दिसली. चिलखताबद्दल अकरा प्रश्नांचा छापील फॉर्म आमच्या कंपनीत आला. खाली 'लुडोल्फ फोग्ट, इंजिनिअर', आणि शेवटच्या अक्षराची ती शेपटी, जी वडिलांना छडी घेऊनही सरळ करता आली नाही. म्हणजे तू राजधानीत आहेस, पोलादाच्या कचेरीत आहेस आणि जिवंत आहेस. बरं वाटलं, असं लिहिणार होतो. नक्की काय वाटलं ते सांगता येत नाही; हल्ली इथे वाटण्याचं काम फारसं कोणी करत नाही.

तुझी चिलखतं डिसेंबरात पोचली. माणसं एकशे तीस, चिलखतं दोन. छातीला एक मोठा पत्रा, तो खांद्यांवर अडकवायला दोन आकडे, आणि पोटासाठी पट्ट्यांवर लोंबणारे आणखी तीन पत्रे. माणसं त्याला शेवंड म्हणतात, समुद्रातली ती पत्र्यापत्र्यांच्या कवचाची. वजन दोन वर्षांच्या मुलाएवढं. समोरच्या तारांच्या दिशेने आम्ही दोन अरुंद चर खणले आहेत, त्यांना कान म्हणतात: डावा कान, उजवा कान. प्रत्येक कानाच्या टोकाला एक माणूस दोन तास पालथा पडून पलीकडे कोण खोकतंय, कोण खणतंय ते ऐकत असतो. चिलखत त्याला. पाळी संपली की तो मागे सरपटत येतो आणि चिलखत पुढच्याला देतो. आतली लोकर अजून गरम असते. कुठलंही चिलखत कोणाच्या नावावर नाही.

माझं काम चिलखतं सांभाळायचं आणि प्रत्येक नवा पोचा वहीत लिहायचं. माझ्यासारख्या साप्ताहिकाच्या संपादकाला याहून योग्य नेमणूक मिळाली नसती.

तुझ्या अकरा प्रश्नांची उत्तरं मीच लिहिली. लेफ्टनंट टेस्मर यांची त्यावर सही आहे. आमची पत्रंही तेच वाचतात. (साहेब, नमस्कार.) उत्तरं बरी जमली आहेत. वाचलीस की कळव.

आडेलाला नमस्कार सांग, किंवा नको सांगूस.

तुझा भाऊ,
एरहार्ड


२५ फेब्रुवारी

लुडोल्फ,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. आईच्या दफनाच्या वेळी तू खड्ड्याच्या एका बाजूला होतास, मी दुसऱ्या, आणि माती लोटताना आपली फावडी एकदा एकमेकांना लागली. तेवढंच आपलं शेवटचं बोलणं. एका विनोदी टिपणावरून माणसाने इतकं मनाला लावून घ्यावं का, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता.

आज तुला हाबेडांकबद्दल सांगतो, कारण तुझ्या चिलखताचा खरा शोध त्याने लावला.

हा मान्सफेल्डच्या तांब्याच्या खाणीतला. तिथला थर इतका पातळ, की माणसाला उभं सोड, बसताही येत नाही. मांडीला एक फळी, दंडाला एक फळी बांधायची आणि कुशीवर पडून सरकत सरकत खोदायचं. चौदाव्या वर्षापासून एकेचाळीसाव्यापर्यंत त्याने हेच केलं. त्याची मान डावीकडे वळलेली आहे, ती आता सरळ होत नाही. परेडमध्ये तो कायम शेजाऱ्याच्या कानात काहीतरी सांगतोय असं दिसतं.

जानेवारीत त्याची पहिली पाळी लागली. त्याने चिलखत हातात घेतलं, दोनदा उलटसुलट पाहिलं आणि पाठीवर चढवलं. आकडे छातीकडे, पत्रे पार्श्वभागावर. बघ्यांत योस्ट होता. योस्ट त्स्विकाऊचा पाववाला, त्याचं तोंड भट्टीसारखं कायम उघडं.

"अरे वाकडमान्या, उलटं घातलंस! पाठीकडून बायकांचा झगा बंद करतात."

"तू पाव उभ्याने भाजतोस ना?" हाबेडांक म्हणाला.

"मग काय, झोपून भाजू?"

"मी सत्तावीस वर्षं झोपून पोट भरलंय. पालथ्या माणसाला छाती नसते, खाली जमीन असते. जे पडायचं ते पाठीवर पडतं. खाणीत दगड, इथे हे."

'हे' म्हणजे समोरचे लोक बंदुकीच्या नळीवरून उडवतात ते छोटे गोळे. ते सरळ येत नाहीत. वर जातात, विचार करतात आणि खाली येऊन फुटतात. आठवड्याभरात सगळेच पाठीवर घालू लागले, योस्टही. "पहिल्यांदाच कोणीतरी माझी पाठ राखतंय," म्हणाला, "बायकोला कळवलं पाहिजे."

वहीत आजवर सात पोचे आहेत. सातही पाठीवरच्या पत्र्याला. सातही माणसं रात्रीच्या जेवणाला हजर होती आणि गाजराच्या मुरंब्याला शिव्या देत होती.

हे सगळं तू विचारलं नव्हतंस. किंवा विचारलं होतंस. असो.

एरहार्ड


१९ मार्च

लुडोल्फ,

हे पत्र टपालाने येत नाही. रजेवर निघालेल्या स्वयंपाक्याच्या बुटातून येतंय, तेव्हा वास माझा समजू नकोस.

तुमचा हुकूम पोचला. नऊ कलमं. तुझा हात ओळखू आला, नंबर घातल्याशिवाय तुला श्वासही घेता येत नाही. कलम चार: चिलखत फक्त छातीवरच घालावे. कलम पाच: दोन्ही कानांवरच्या माणसाने ते घातलेच पाहिजे. कलम सात: पट्ट्यांना मागच्या बाजूने शिशाचे सील लावावे, पाळी सुरू होताना लावावे, संपल्यावर अधिकाऱ्यासमोर तोडावे. आणि वर कारण दिलं आहे, अवतरणचिन्हांत: "जर्मन सैनिकाची पाठ शत्रूने कधी पाहिलेलीच नाही, सबब तिला संरक्षणाची गरज उद्भवत नाही." 'आघाडीवरील एका तुकडीचा अभिप्राय,' असं खाली लिहिलं आहे. कुठली तुकडी, ते लिहिलेलं नाही.

तुमच्या त्या कचेरीत कोणी कधी पालथं पडून पाहिलं आहे का? चिलखत छातीवर घालून पालथा पडलास, की तुझ्या आणि जमिनीच्या मध्ये पोलाद येतं. माणूस चार बोटं वर उचलला जातो. कानाची खोलीच मुळात माणूस जेमतेम मावेल एवढी. ती चार बोटं म्हणजे पाठ आणि ढुंगण बांधाच्या वर. अजून चार बोटं खोल खणावं, तर खाली पाणी लागतं. हाबेडांकने खणून पाहिलं. आता हे चिलखत नाही, लुडोल्फ, ताट आहे, आणि माणूस त्यावर वाढलेला आहे.

काल टेस्मरसाहेबांना गाठलं. ते तेवीस वर्षांचे आहेत, मी सेहेचाळीस. पण हुकमाला वय नसतं.

"साहेब, याने माणूस उचलला जातो."

"फोग्ट, हुकूम वाचलात ना?"

"नक्कल मीच केली, साहेब."

"मग? चौथं कलम. छाती."

हाबेडांक मागे उभा होता. "मग न घालताच जाऊ द्या साहेब. उघडाबोडका जातो."

"पाचवं कलम. घालूनच."

"आणि सहावं काय म्हणतं साहेब?" योस्टने विचारलं. "मेल्यावर काढायचं का?"

टेस्मर हसले. माणूस वाईट नाही. मग त्यांनी कागद पाहिला आणि हसायचे थांबले. सहावं कलम खरंच त्याबद्दल होतं.

शेजारच्या कंपनीतल्या दोघांनी सील तोडून पाठीवर घातलं. त्यांना आता कोर्टापुढे उभं करणार आहेत. आमच्याकडे कोणी तोडलेलं नाही. कानांवर चोवीस माणसांची पाळी लागते, प्रत्येकाची रोज एकदा. हाबेडांकची सकाळी सहा ते आठ, योस्टची त्यानंतर.

एक कलम बदलायचं आहे. तुला एक ओळ लिहावी लागेल. लिही.

एरहार्ड


२ एप्रिल

लुडोल्फ,

तुझं पत्र मिळालं. माझं हेही टपालाने येत नाही. माझ्या वाचकांसाठी (म्हणजे मीच) ते पुन्हा उतरवून काढतो:

"१. विषय सरकारी आहे, खाजगी पत्रातून त्याचा निर्णय होत नाही. २. सदर अभिप्राय आघाडीवरूनच आला आहे व वरिष्ठांनी तो लाल पेन्सिलीने अधोरेखित केला आहे. ३. तू गंभीरपणे लिहीत आहेस की नाही, हे ओळखण्याचं साधन माझ्यापाशी नाही. ते तू स्वतः नऊ वर्षांपूर्वी मोडलंस. ४. आडेला बरी आहे."

तुझ्या पत्रावर २७ मार्च आहे. योस्ट ३० मार्चला गेला. तू होकार दिला असतास, तरी तो वेळेत पोचला नसता. तेवढं तुझ्या समाधानासाठी.

सकाळी सव्वानऊला. त्या दिवशी सील मी लावलं, कारण टेस्मरांची बोटं गारठली होती. योस्ट पावाबद्दल बोलत होता. म्हणाला, यात भुसा जास्त आहे, आणि हे पीठ मळणाऱ्याला लढाई संपली की मी हुडकून काढणार आहे, मारायला नाही, फक्त विचारायला, की बाबा, असं का केलंस? मी म्हटलं, मान खाली ठेव. तो म्हणाला, मान खालीच आहे, बाकीचा मी वर आहे.

ओढून आणला तेव्हा पालथाच आणला. डाव्या खांद्याच्या फऱ्याखाली जर्दाळूच्या बीएवढं भोक. फार रक्त नव्हतं. सील तोडायला टेस्मर स्वतः आले, कलम सात. मग मी चिलखत तपासलं. पुढच्या पत्र्यावर ओरखडाही नव्हता. मी वहीत लिहिलं, 'चिलखत सुस्थितीत.' ते खरं होतं. त्यानंतर मी मुरंबा खाल्ला. चव होती की नाही, आठवत नाही.

आता दुसरं. हुकमातलं ते पाठीचं वाक्य माझं आहे.

तुझा नववा प्रश्न होता: 'चिलखत पाठीवर वापरणे इष्ट वाटते काय?' हाबेडांक तेव्हा महिनाभर पाठीवरच घालत होता. वहीत तेव्हा चार पोचे होते. मला माहीत होतं. उत्तर एका शब्दाचं होतं: होय. मी ते वाक्य लिहिलं. टेस्मरांची दाढ दुखत होती, त्यांनी न वाचता सही केली. अकराही उत्तरं तशीच होती. बाकीची दहा तुम्ही बहुतेक फाईलला लावली असतील.

का लिहिलं? कारणं मी तीन काढली होती. प्रश्न मूर्खपणाचा वाटला. थंडी होती. आणि खाली तुझी सही होती. पहिली दोन नंतर सुचलेली आहेत. तिसरं खरं: ते तू वाचावंस, माझा हात ओळखावास, आणि तुला राग यावा किंवा हसू यावं. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं.

तुझ्या लग्नातलं भाषण तू चिठ्ठ्यांवर नंबर घालून आणलं होतंस. एक ते बारा. मी पुढच्या अंकात ते नंबरांसकट छापलं, नाव बदलून, आणि गावात एकालाही नाव बदलल्याचं जाणवलं नाही. त्याला मी विनोदी टिपण म्हणत आलो. आडेला दोन महिने बाजारात गेली नाही, हे आईने सांगितलं होतं. तेव्हा मी म्हणालो होतो, 'खप वाढलाय.'

हाबेडांक आजही सहा ते आठ होता. उद्याही आहे.

एरहार्ड


५ एप्रिल

लुडोल्फ,

गंभीर आहे की नाही हे ओळखायचं साधन मागितलं होतंस. हे घे.

१. हुकूम येण्यापूर्वी दोन्ही चिलखतांवर मिळून पोचे: नऊ. पाठीवर: नऊ. मेलेले: कोणी नाही.

२. हुकमानंतर छातीच्या पत्र्यावर पोचे: एकही नाही. मेलेले: एक, आयगिल योस्ट, पाववाला, वय तेहेतीस, मुली दोन. जखमी: एक, मांडीत.

३. पालथा पडल्यावर चिलखताने माणूस किती उचलला जातो: चार बोटं. मी स्वतः पडून मोजलं, मागच्या खंदकात, टेस्मरसाहेबांच्या पट्टीने.

४. उजव्या कानाच्या तळाला पाणी: तीन बोटांवर.

५. कलम चार व सात रद्द करावीत. त्या जागी: 'कानावरील माणसाने चिलखत पाठीवर घालावे.' यापेक्षा चांगलं वाक्य मला सुचत नाही. सुचलं तरी लिहिणार नाही.

६. हाबेडांक, कोनराड, खाणकामगार, रोज सकाळी सहा ते आठ, डावा कान.

७. वरच्या कुठल्याही कलमात विनोद नाही. दोनदा तपासलं.

८. तुझं लग्नातलं भाषण चांगलं होतं. सातव्या चिठ्ठीला आई रडली होती. ते मी लेखात गाळलं.

एरहार्ड फोग्ट


२९ एप्रिल

प्रिय लुडोल्फ,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिल्यात तू लिहिलंस, की कलम मागे घ्यायचं तर मुळातला अभिप्राय खोटा होता असं तो लिहिणाऱ्याने सही करून दिलं पाहिजे, नाहीतर वरिष्ठ आपलं लाल पेन्सिलीने आवडलेलं वाक्य सोडणार नाहीत. बरोबर आहे. मीही सोडलं नसतं.

त्याच दिवशी टेस्मरसाहेबांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी मेणबत्ती जवळ ओढली.

"फोग्ट, सही माझी आहे त्यावर."

"होय साहेब. पण वाक्य माझं."

"मी वाचलं असतं तर?"

"तुम्ही हसला असता, साहेब. ते तसं लिहिलेलं होतं."

"हसलो असतो," ते म्हणाले, "आणि सही केली असती." मग त्यांनी कागद पुढे सरकवला. "लिहा. माझंही नाव घाला. न वाचता सही केली, असंच घाला. दाढेचं नका लिहू. बरं नाही दिसत."

लिहिलं. दाढेचं नाही लिहिलं. मला दहा दिवसांची कैद झाली. फ्रेंचांनी सोडलेल्या एका तळघरात ठेवलं होतं. मला वाटलं होतं तिथे काहीतरी आठवेल, काहीतरी होईल. मी झोपलो. दहा दिवस इतका झोपलो, की पहारेकरी दोनदा जिवंत आहे का ते बघायला आत आला. कारकुनी गेली, बाहीवरची हुद्द्याची पट्टीही गेली. टेस्मरांना ताकीद मिळाली आणि त्यांची रजा कापली. ती मे महिन्यात होती, त्यांचं लग्न ठरलेलं होतं.

तुझा नवा हुकूम २१ तारखेला आला. तीन कलमं. टेस्मरांनी सगळ्यांना उभं करून वाचून दाखवला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. हाबेडांकने चिलखत घेतलं, पाठीवर चढवलं आणि गेला. चौतीस दिवस तो छातीवर घालून गेला आणि चौतीस दिवस परत आला. कसा, ते त्यालाही सांगता येत नाही. म्हणाला, खाणीतही असं होतं; छत ज्याच्यावर पडायचं त्याच्यावर पडतं, आणि मग त्याची फळी दुसऱ्याला देतात.

दुसऱ्या पत्रात तू काय लिहिलंस ते मी चार वेळा वाचलं. ते वाक्य तुझ्या टेबलावर आलं, तेव्हाच तू ओळखलं होतंस. वरिष्ठांनी लाल पेन्सिल फिरवली तेव्हा तू शेजारी उभा होतास आणि गप्प बसलास. 'मनात म्हटलं, एकदा तरी कोणीतरी याच्या बोलण्यावर विश्वास ठेवू दे.' असं लिहिलंस. त्या ओळीला नंबर घातला नाहीस.

यावर काहीतरी लिहायला हवं, हे कळतं. मी बोललो, तू गप्प राहिलास. योस्टच्या पाठीला दोन्हींचा उपयोग सारखाच. त्याच्या बायकोला टेस्मरांनी पत्र लिहिलं आहे, नेहमीचं. मी लिहिलं तर काय लिहू? तू लिहिणार असशील, तर मला आधी दाखव. मी काही बदलणार नाही.

हाबेडांकला मात्र सांगावं लागलं. आता आम्ही एकाच तुकडीत आहोत, शेजारी झोपतो. तो बूट सुकवत होता. मी सांगितलं.

"तू?" तो म्हणाला. मान वाकडी असल्यामुळे तो नेहमी तिरका बघतो, त्या वेळी त्याने अख्खं अंग वळवलं. "तूच होय ते? मला वाटलं, इतकं गाढवासारखं वाक्य एखाद्या जनरललाच सुचेल."

"मला सुचलं."

"योस्टला माहीत होतं?"

"नाही."

"हसला असता भडवा," तो म्हणाला. मग त्याने बूट चढवले आणि बाहेर गेला. तीन दिवस माझ्याशी बोलला नाही. बाकीच्यांना त्याने सांगितलंही नाही. मी वाट पाहत होतो, की कोणीतरी येऊन थोबाडीत देईल. कोणी आलं नाही. चौथ्या दिवशी माझ्या शेजारी येऊन पडला आणि म्हणाला, "तू झोपतोस ते चुकीचं आहे. हनुवटी टेकवू नकोस, गाल टेकव. कान जमिनीला लागला की तुला ऐकू येतं आणि डोकंही बोटभर खाली जातं." मग त्याने माझ्या दंडाला एक फळी बांधून दाखवली. तुम्ही इंजिनिअर लोक यासाठी काय वापरता, मला माहीत नाही. त्याने दारूगोळ्याच्या पेटीचं झाकण वापरलं.

काल माझी पहिली पाळी होती, त्याच्यानंतरची. आठ ते दहा, डावा कान, जी योस्टची होती. सील गेल्यापासून चिलखताची अदलाबदल टोकालाच होते, मी चरातून सरपटत त्याच्यापर्यंत जायचं. मी चराच्या तोंडाशी पोचलो. तिथून पुढे जाता येईना. भीती वाटत होती, असं म्हणायला हरकत नाही, पण तसं काही वाटत नव्हतं. फक्त गुडघे हलत नव्हते, जसे दुसऱ्या कोणाचे असावेत. कान रिकामा ठेवता येत नाही. मागून माणूस आल्याशिवाय पुढचा निघत नाही. हाबेडांक तिथेच पडून राहिला. त्याने हाक मारली नाही, हाक मारायची सोयच नसते. साडेआठला माझे गुडघे हलले. मी सरपटत त्याच्यापर्यंत पोचलो. त्याने कुशीवर होऊन आकडे सोडवले, चिलखत माझ्या पाठीवर ठेवलं, पट्टे आवळले. लोकर गरम होती. जाता जाता माझ्या कानाशी म्हणाला, "अर्धा तास." आणखी काही नाही.

टेस्मरांनी ही गोष्ट कुठे लिहिली नाही. विचारलीही नाही.

आता सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली आहेत. ऊन आलंय, पानांवर दव आहे. पलीकडे कोणीतरी कॉफी दळतंय, आवाज येतो. आज टपाल नऊला जाईल, हे पत्र तुकडीतल्या दुसऱ्याकडे देऊन ठेवतो. हाबेडांकची पाळी आठला संपते. मी साडेसातलाच त्याच्यापाशी पोचेन. त्याला सांगितलेलं नाही.

एरहार्ड